मथुराबाईंच्या आवाजाची पुली

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. छोट्या कॅसेटचा नव्हे. ताटलीएवढी दोन रिळे माझ्या छातीवर फिरतात आणि मला उचलायला दोन माणसे लागतात. घाटकोपरला भटवाडीतल्या एका चाळीत, देवाच्या फळीखाली माझी जागा आहे. तिथे मी बसलेला दिसतो, पण स्वस्थ बसणे मला जमत नाही. ज्या वेळात सहा पावले टाकायची त्या वेळात मी पाचच टाकतो, आणि ते मला प्रत्येक क्षणी कळते. बुटात खडा असावा आणि तो काढता येऊ नये, तसे माझे झाले आहे. आता तर तो खडा कोणी काढू नये असेच मला वाटते. असे का, ते ऐका.

माझा जन्म जपानात कोबे शहरात झाला. कानेहिरा-सान नावाच्या गृहस्थांचा तिथे लहानसा कारखाना होता. अकरा माणसे आणि महिन्याला जेमतेम चार यंत्रे. रेडिओ केंद्रांसाठी आणि गाण्याचा कान असलेल्या श्रीमंत लोकांसाठी ती बनत. माझे एकेक चाक त्यांनी कापसाने पुसून बसवले. पाठीचा पत्रा लावण्याआधी ते डोळे मिटून बसत आणि एकच रीळ ऐकत. त्यांच्या मुलीने वाजवलेली कोटो त्यात होती. कोटो म्हणजे तेरा तारांचे लांबट लाकडी वाद्य. शेवटची तार वाजून विरली की ते मान हलवत. माझ्यासाठीही त्यांनी मान हलवली होती. ती मान मी विसरलेलो नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. जपानात वीज दोन प्रकारची आहे. पूर्वेकडे ती सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि पश्चिमेकडे साठ. कोबे पश्चिमेकडे आहे. माझी मोटर हेलकावे मोजून फिरते. पन्नासाच्या विजेवर ती आपोआप हळू होते. म्हणून कानेहिरा-सानांनी माझ्या आत पितळेची दुसरी, जरा मोठी पुली एका कापडी पिशवीत घालून चिकटवून ठेवली होती. पुली म्हणजे पट्टा फिरवणारे चाक. पन्नासाच्या गावी गेलात तर लहान पुली काढा, ही मोठी बसवा. सोबत एक चिठ्ठीही होती. 'काढलेली पुली फेकू नका,' असे त्यात लिहिले होते. पण ते जपानीत लिहिलेले होते.

मला सहदेवने आणले. तो जहाजावर खलाशी होता. एका बाजूला ओरखडा गेला म्हणून दुकानदाराने मला कोपऱ्यात ढकलले होते, तिथून त्याने मला उचलले. एक्याऐंशी साली मी भटवाडीत आलो. खोलीत त्याचे वडील धाकू, आई मथुराबाई आणि बायको सुलक्षणा. दारात सगळी चाळ.

"शॉक बिक बसात हां," धाकू म्हणाले. ते परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातू फिरवत तासायच्या यंत्रावर, टर्नर होते. कुठलीही धातूची वस्तू दिसली की तिच्यावरून अंगठा फिरवून पाहायची त्यांची सवय होती. तसा माझ्या कडेवरूनही त्यांनी अंगठा फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. टर्नर माणूस काही बोलला नाही म्हणजे काम चांगले आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

"म्हणून तर हा ट्रान्सफॉर्मर आणलाय, बाबा," सहदेव म्हणाला. "आपली वीज दोनशे तीसची. ह्याला शंभरचीच चालते."

"म्हणजे हेका आपली वीज तिखट लागता?" मथुराबाईंनी विचारले.

सगळे हसले. मीही मनात हसलो. पण मित्रांनो, व्होल्टची काळजी सगळ्यांनी घेतली, हेलकाव्यांचे कोणाच्या मनातही आले नाही. माझ्याबरोबर आलेली कोबेच्या त्या रिळाची प्रत लावून सहदेवने बटण दाबले आणि कोटोच्या तारा वाजू लागल्या. जड, ओढलेल्या, पेंगुळलेल्या. मी आतून ओरडत होतो की हे असे नाही! ती मुलगी अशी वाजवत नाही!

"जपानी गाणी काय रे अशी रडकी असतात?" शेजारच्या श्यामकांतने विचारले.

"असतील. तिकडे भूकंप फार होतात ना," दुसरा कोणी म्हणाला.

तेव्हापासून माझी तगमग सुरू झाली. लोक कौतुक करत होते, लांबून मला पाहायला येत होते, पोरांना हात लावू देत नव्हते. आणि मला एकच वाटत होते की कोणीतरी माझी पाठ उघडा, ती पिशवी पाहा.

पुढच्या वर्षी गिरण्यांचा संप झाला. धाकूंची गिरणी बंद पडली ती पडलीच. ते खिडकीशी बसून राहत आणि अंगठा तर्जनीवर घासत. हातात काही नसतानाही. तेही अस्वस्थ आणि मीही अस्वस्थ. एका खोलीत आम्ही दोघे समोरासमोर बसायचो.

मथुराबाई मात्र माझ्याशी बोलायच्या नाहीत. "डब्याक काय सांगूचा?" म्हणायच्या. सहदेव घरी आला की ऐकवायला आवाज भरून घेऊ, असे सुलक्षणाने पुष्कळदा विनवले. त्या तोंडाला पदर लावत आणि उठून जात. मग एके संध्याकाळी सुलक्षणाने युक्ती केली. मथुराबाई दिवा लावायला उठल्या तेव्हा तिने गुपचूप माझी दोन बटणे दाबली आणि वाळत घातलेले कपडे आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

मथुराबाईंनी पितळेची घंटा तीनदा वाजवली. मग त्या देवापुढे रोजचे गाऱ्हाणे घालू लागल्या. वरून एक विमान गेले, तेवढा वेळ त्या थांबल्या आणि ते गेल्यावर पुढे बोलल्या.

"देवा म्हाराजा, माझो सहदेव पाण्यार असा. पाण्यार वाट नसता, खूण नसता. तू त्येका हात धरून घराक हाड. सुनेक माझ्या सुखी ठेव, ती भोळी असा, घाईत चुकता. ह्या म्हाताऱ्याचो खोकलो कमी कर, नायतर त्येची बिडी तरी बंद कर." मग जरा थांबून, "आणि ह्यो जपानी डबो. ह्येकापण सांभाळ. परमुलखातसून इलो हा, बिचाऱ्याक हय कोण नाय."

मित्रांनो, मी तो प्रत्येक शब्द रिळावर उतरवून घेतला. हळू चालत उतरवला, पण मी हळू लिहीत होतो आणि वाचायचोही तितकाच हळू, त्यामुळे ऐकताना त्यांचा आवाज अगदी त्यांचाच यायचा. माझी चूक त्या आवाजाला कळत नव्हती. मला कळत होती.

पंच्याऐंशीत मथुराबाई गेल्या. ताप साधा वाटला आणि चार दिवसांत सगळे संपले. तार जहाजावर पोचली तेव्हा अकरावा दिवस उलटून गेला होता. करार संपल्याशिवाय सहदेवला उतरता येईना. इकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात गाणेबजावणे नाही, म्हणून माझ्यावर मथुराबाईंचेच जुने लुगडे टाकले गेले. त्या लुगड्याखाली मुंबईच्या दमट हवेत माझ्या आतला रबरी पट्टा काकवीसारखा विरघळला. मला कोणी विसरले नव्हते, पण कोणी पाहिलेही नाही. यंत्राला दोन्ही सारखेच.

सहदेव येणार असे पत्र आले आणि सुलक्षणाच्या अंगात वारे शिरले. नवऱ्याने आईला शेवटचे पाहिले नाही, निदान तिचा आवाज तरी दारात पाऊल टाकताच ऐकू दे, असे तिच्या मनाने घेतले. तिने मला सुरू केले. मोटर गुरगुरली, रिळे हलली नाहीत. तिने मला हातगाडीवर घालून साकीनाक्याला अनंत मिस्त्रीकडे नेले.

अनंत हुशार होता. त्याने नवा पट्टा घातला, कोटोचे रीळ लावले आणि घड्याळ पाहिले. "वहिनी, हे रीळ अठ्ठेचाळीस मिनिटांचं. सत्तावन्न मिनिटं लागली की! हा तर झोपेत चालतोय." त्याने माझी पाठ पुन्हा उघडली आणि पाच वर्षांनी, मित्रांनो, कोणीतरी ती कापडी पिशवी पाहिली!

त्याने मोठी पुली बसवली. बटण दाबले. कोटोच्या तारा लख्ख वाजल्या, पहाटेच्या पाण्यासारख्या. मी बरोबर चाललो. कानेहिरा-सानांची मान मला दिसली. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

"झकास!" अनंत म्हणाला. जुनी लहान पुली त्याने कागदाच्या पुडीत बांधून सुलक्षणाच्या हातात दिली. "ठेवून द्या कुठेतरी." मथुराबाईंचे रीळ तिने मुद्दामच सोबत नेले नव्हते. ते सहदेवनेच आधी ऐकायचे होते.

त्याच आठवड्यात तिने घर आवरायला काढले. त्या दिवसांत घरोघर स्टीलचे वेड होते. पितळेची भांडी घासून हात मोडायचे, कल्हई करायची, आणि मोडीत घातली की लखलखीत स्टीलचे डबे मिळायचे. तिने हंडा, परात, तांबे सगळे पोत्यात भरले.

"घंटा सोडून काय व्हया ता घेवन जा," धाकू म्हणाले.

तिने घंटा फळीवर ठेवली आणि डब्यातली सुटी पितळी चिल्लर, बिजागऱ्या, कड्या, एक पुडी, पोत्यात ओतली. मी पाहत होतो. ओरडता येत नाही, हेच आम्हा वस्तूंचे दुःख.

सहदेव आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"अहो, जेवण नंतर. आधी बसा इथे," सुलक्षणा म्हणाली.

"काय आहे?"

"आईंचा आवाज आहे."

बुटाची नाडी सोडणारा त्याचा हात तिथेच थांबला.

तिने बटण दाबले. घंटा वाजली, कुठल्या खेळण्यातली वाजावी तशी किणकिण. आणि मग दहा वर्षांची कोणी पोर घाईघाईने, चिरक्या आवाजात बोलू लागली. देवा म्हाराजा, माझो सहदेव पाण्यार असा. दारात उभी असलेली एक बाई खुदकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

"बंद कर," सहदेव म्हणाला.

"अहो, असं नव्हतं ते, मी स्वतः..."

"बंद कर म्हणतो ना! ही माझी आये? ही?" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "चांगला होता हा. कोणी हात लावला ह्याला?"

सुलक्षणाने बटण बंद केले. मला वाटले, कोणी मला गॅलरीतून खाली टाकले तरी बरे. पाच वर्षे मी दुरुस्त व्हायची वाट पाहिली होती, आणि दुरुस्त झालो तो असा.

दुसऱ्या दिवशी अनंत आला, ऐकले आणि मटकन खाली बसला. "वहिनी, मी वाट लावली हो. ह्याने हळू चालून भरलं, आणि आता हा पुरा चालतोय. मशीन बरोबर केलं, तर आतलं चुकलं."

"मग चूक कर ना परत!" सहदेव म्हणाला.

"एका मिनिटात करतो. ती जुनी पुली द्या. पुडीतली."

 सुलक्षणा चप्पल न घालताच भांड्यांच्या दुकानाकडे धावली. तासाभराने परत आली ती रिकाम्या हातांनी. मोड परवाच भट्टीला गेली होती. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "घाईत चुकले," एवढेच म्हणाली. सासूबाई देवाला काय सांगून गेल्या होत्या, ते त्या खोलीत माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात होते की नाही, कोण जाणे.

जपानला पत्र टाकून उत्तर यायला महिने लागले असते. सहदेवला सुट्टी थोडकीच होती. शनिवारी त्याला जहाजावर चढायचे होते, पुन्हा वर्षभरासाठी.  तेव्हा खिडकीशी बसलेल्या धाकूंचा आवाज आला.

"पितळेची सळी हाडा. मी काढतंय पुली."

"काका, ह्यात केसाएवढा फरक चालत नाही," अनंत चाचरत म्हणाला. "गिरणीचं काम वेगळं..."

"गिरणीत काय आम्ही भोपळे तासत होतो रे?"

शुक्रवारी मला आणि माझ्या ट्रान्सफॉर्मरला साकीनाक्याच्या गाळ्यात नेले. सुलक्षणाने पदरात घंटा आणली होती. तिथे चारी बाजूंनी यंत्रे खडखडत होती, काही ऐकू येणे शक्य नव्हते. गाळ्याचा मालक धोंडू म्हणाला, "एक ते दोन जेवणाची सुट्टी. तेवढाच तास शांतता. दोनला लेथ माझं."

एकाचा भोंगा झाला आणि गल्ली गप्प झाली. धाकूंनी चार वर्षांनी लेथला हात लावला. आधी त्यांनी चाकावर नुसता अंगठा फिरवला. मग सळी पकडली, मोठ्या पुलीएवढी पुली कापली, भोक पाडले.

"सहाचे पाच करायचे, काका," अनंत म्हणाला. "हिशोब मी मांडलाय."

"हिशोबान जवळ जावक गावता. पुढे कान लागतत."

त्यांनी थोडे तासले. अनंतने पुली माझ्यात बसवली. दहा वर्षांची पोर बोलली. काढली, तासली, बसवली. बारा वर्षांची. पितळेचा सोनेरी भुसा त्यांच्या मनगटांवर पडत होता. सहदेव हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता, कोणाकडे न बघता. पुन्हा काढली, तासली, बसवली.

आणि धाकूंचा हात थबकला.

"परत लाव."

अनंतने रीळ मागे घेतले. कोवळा, भरलेला, जरा लाजरा आवाज आला.

"ही लग्नातली," धाकू म्हणाले. "सोळा वर्साची. तिची हळद अजून उतराक नाय."

 त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ आवाज वाजवले, पण असा ऐकणारा माणूस पाहिला नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. चाळीस वर्षांपलीकडे कुठेतरी बघत होते. आणखी तासले की हा आवाज गेला. तासलेले पितळ परत येत नाही.

"काका, पावणेदोन," अनंत हळूच म्हणाला.

"बाबा," सहदेव भिंतीपासून पुढे आला. "राहू दे. एवढ्यावरच राहू दे."

धाकूंनी नको म्हणून हात हलवला. "ही तुका म्हायत नाय रे. तुझी आये पुढे असा." त्यांनी पुली कॅलिपरमध्ये धरली, आकडा पाहिला, खडूने गाळ्याच्या पत्र्यावर लिहिला. मग चष्मा पुसला आणि लेथ सुरू केले.

आता ते केसाएवढेच तासत होते. मथुराबाईंचा आवाज तिशीतला झाला, चाळिशीतला झाला. "सुलक्षणा, घंटा वाजय," ते म्हणाले. तिने पदरातली घंटा वाजवली, अनंतने रिळावरची. रिळावरची अजून किंचित चढी होती. आणखी एक केस. सुलक्षणाने घंटा वाजवली, मी वाजवली. दोन घंटा एकीत एक मिसळल्या. हातातली कोणती आणि रिळावरची कोणती, ते कळेना.

"सोड," धाकू म्हणाले.

"देवा म्हाराजा," मथुराबाई म्हणाल्या. "माझो सहदेव पाण्यार असा..."

सहदेव तिथेच खाली बसला, पितळेच्या भुशात. विमान गेले, त्या थांबल्या, पुन्हा बोलल्या. 'ती भोळी असा, घाईत चुकता' आले तेव्हा सुलक्षणाने घंटा छातीशी धरली. सहदेवने तिच्याकडे पाहिले आणि हात पुढे करून तिला शेजारी बसवून घेतले. बिडीचे आले तेव्हा धाकूंना हसू आले आणि हसता हसता खोकला आला. शेवटी त्या माझ्याबद्दल बोलल्या, आणि तेवढ्यात दोनचा भोंगा झाला. सगळी गल्ली पुन्हा खडखडू लागली.

शनिवारी सहदेव गेला. जाताना माझ्या पाठीवर त्याने हात ठेवला, थाप मारली होती तिथेच. अनंतने मोठी पुली कापडी पिशवीत घालून माझ्या आत चिकटवली आणि मराठीत चिठ्ठी लिहिली की ही फेकू नये आणि ही बसवूही नये.

तेव्हापासून मी पुन्हा हळू चालतो. कानेहिरा-सानांची मुलगी माझ्यावर नीट वाजणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि ते टोचते. पण माझी चूकच एका बाईचे घर आहे, तर मी बरोबर होऊन कुठे जाऊ?

मित्रांनो, तुमच्या घरीही असे काही जुने असेल. वाकडे, हळू, काही कमी असलेले. ते दुरुस्त करा, जरूर करा, पण आधी घरातल्या माणसांना विचारा की हे असेच राहून कोणासाठी काय सांभाळते आहे. आणि पुडीत बांधून दिलेली वस्तू मोडीत घालण्याआधी एकदा पुडी सोडून पाहा.

एक गोष्ट तुम्हाला सांगतो, सुलक्षणाला सांगू नका. त्या शुक्रवारनंतर आठवड्याने धाकू एकटेच साकीनाक्याला गेले होते. पत्र्यावरचा खडूचा आकडा अजून पुसला नव्हता. अधूनमधून दुपारी, ती बाजारात गेली की ते बिडीच्या डबीतून एक पुली काढतात. त्या डबीत आता बिड्या नसतात. पाठीचे चार स्क्रू सोडून ते ती माझ्यात बसवतात, समोर मांडी घालून बसतात आणि डोळे मिटतात. मग सोळा वर्षांची मथुरा देवाला सांगते की ह्या म्हाताऱ्याचो खोकलो कमी कर.

गाऱ्हाणे संपले की ते मान हलवतात. अगदी कानेहिरा-सानांसारखी.